बाहेरच्या चार लाइनी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पूर्वीच्या मोठ्या कचेऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. प्रत्येक टेबलावर एक फोन असायचा. चाळीस टेबलं, चाळीस फोन. पण म्हणून त्या कचेरीकडे टेलिफोन खात्याच्या चाळीस लाइनी नसायच्या. असायच्या चार, फार तर सहा. आतल्या आत बोलायचं तर दोन आकडी नंबर फिरवायचा. बाहेर बोलायचं तर आधी शून्य फिरवायचा. एखादी लाइन मोकळी असेल तर ती मिळायची, नाही तर टूं-टूं ऐकत थांबायचं. साहेबांची लाइन मात्र स्वतंत्र. ती कोणाला मिळत नसे.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे त्याचं नाव ऐकून घाबरू नका. त्याला 'डायनॅमिक नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन' म्हणतात. तंत्रज्ञ मंडळी थोडक्यात 'नॅट' म्हणतात. या लांबलचक नावामागे आहे ती हीच गोष्ट. आतले फोन पुष्कळ, बाहेरच्या लाइनी थोड्या, आणि मधे बसलेला एक ऑपरेटर. संगणकांच्या जगात या ऑपरेटरला राउटर म्हणतात.

ही गरज का पडली, ते आधी पाहू. इंटरनेटवर बोलणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीच्या या पत्त्यात, म्हणजे आयपी आवृत्ती चारमध्ये, ठिपक्यांनी वेगळे केलेले चार आकडे असतात. प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यानचा. असे एकूण पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी. ही पद्धत ठरली तेव्हा एवढे पत्ते म्हणजे समुद्र वाटला असेल. पण नव्वदीच्या दशकात लक्षात आलं, की हा समुद्र आटणार आहे. मग १९९४ मध्ये नॅटची कल्पना तांत्रिक टिपणाच्या रूपात मांडली गेली, आणि १९९६ मध्ये काही पत्ते 'खासगी' म्हणून राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे, आणि १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे. हे पत्ते कुणीही आपल्या घरात, कचेरीत, शाळेत वापरावेत. ते आतल्या दोन आकडी फोन नंबरासारखे. तुमच्या कचेरीतही २१ नंबर असतो, माझ्याही कचेरीत असतो. भांडण होत नाही, कारण तो नंबर दाराबाहेर जात नाही.

बाहेर जायची वेळ आली, की राउटर माहितीच्या पाकिटावरचा आतला पत्ता खोडतो, त्या जागी बाहेरचा खरा पत्ता घालतो, आणि आपल्या वहीत नोंद करतो. उत्तर आलं, की वही पाहून ते मूळ यंत्राकडे पोचवतो. योगायोग असा, की या कामासाठी १९९४ मध्ये निघालेल्या एका सुरुवातीच्या यंत्राचं 'पिक्स' हे नावच मुळी कचेरीतल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या धर्तीवर ठेवलं होतं. तेव्हा माझी उपमा काही मी नव्याने शोधलेली नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ही गोष्ट माझ्या चुकीची आहे, म्हणून ती मला नीट आठवते.

२०११ सालची गोष्ट. एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात नवी इंटरनेट जोडणी आली होती. राउटर लावून द्यायचं काम माझ्याकडे होतं. संगणक प्रयोगशाळेत २० यंत्रं. शिवाय प्राचार्यांच्या खोलीत एक, कार्यालयात दोन, ग्रंथालयात एक. म्हणजे एकूण २४. जोडणी देणाऱ्यांनी आठ पत्त्यांचा एक गठ्ठा दिला होता. आठातला पहिला आणि शेवटचा पत्ता वापरता येत नाही. राहिले सहा. त्यातला एक त्यांच्या टोकाला, एक आमच्या राउटरला. उरले चार. चोवीस यंत्रं आणि बाहेरच्या चार लाइनी.

राउटरला हे समजावून सांगायला चार पायऱ्या लागतात. मी सिस्को पद्धतीच्या आज्ञा सांगतो, कारण शिकणारी मुलं बहुतेक त्याच शिकतात. पत्ते मात्र उदाहरणांसाठी राखून ठेवलेले घेतो.

पहिली पायरी. राउटरला आत कुठलं आणि बाहेर कुठलं ते सांगायचं. महाविद्यालयाच्या तारेच्या बाजूला 'आयपी नॅट इनसाइड' आणि इंटरनेटच्या बाजूला 'आयपी नॅट आउटसाइड'. ही पायरी विसरली तर बाकी सगळं बरोबर लिहूनही काही होत नाही. ऑपरेटरला आतला दरवाजा कोणता आणि बाहेरचा कोणता हेच माहीत नसेल, तर तो जोडणार काय?

दुसरी पायरी. बाहेर जायची परवानगी कोणाला, त्याची यादी. हिला ॲक्सेस लिस्ट म्हणतात. आमच्याकडे १९२.१६८.१० ने सुरू होणारे सगळे. इथे एक उलटा हिशेब असतो. यादीत पत्त्यापुढे ०.०.०.२५५ असं लिहितात. शून्य म्हणजे हा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे, २५५ म्हणजे इथे काहीही चालेल. नवशिके इथे हमखास २५५.२५५.२५५.० लिहितात आणि मग दिवसभर डोकं धरून बसतात.

तिसरी पायरी. बाहेरच्या पत्त्यांचा साठा, म्हणजे पूल. त्याला एक नाव द्यायचं आणि पहिला व शेवटचा पत्ता सांगायचा. समजा २०३.०.११३.११ पासून २०३.०.११३.१४ पर्यंत. इथे मात्र मास्क सरळ लिहायचा, २५५.२५५.२५५.२४८.

चौथी पायरी. यादी आणि साठा यांची गाठ मारायची. 'आयपी नॅट इनसाइड सोर्स लिस्ट एक पूल अमुक'. झालं. एवढ्यावर राउटर काम करू लागतो.

ही गाठ मी गुरुवारी संध्याकाळी मारली. प्राचार्यांच्या यंत्रावर बसलो, एक संकेतस्थळ उघडलं. उघडलं. कार्यालयातल्या एका यंत्रावर पाहिलं. तिथेही उघडलं. राउटरची वही पाहिली, दोन यंत्रांच्या दोन नोंदी होत्या, दोन्ही बरोबर. प्रयोगशाळेला कुलूप होतं, किल्लीवाले सहायक घरी गेले होते. मी म्हटलं, दोन चालली म्हणजे वीसही चालतील. सही घेतली, मोटारसायकलला किक मारली आणि ४५ किलोमीटरवरच्या घरी आलो.

शनिवारी सकाळी साडेदहाला प्रयोगशाळा सहायकांचा फोन आला. "सर, ऑफिसात नेट चालतंय, लायब्ररीत चालतंय. लॅबमध्ये एकही मशीन चालत नाही."

त्या दिवशी एका भरतीच्या ऑनलाइन अर्जाची शेवटची तारीख होती. संध्याकाळी पाचपर्यंत मुदत. महाविद्यालयाने आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर निरोप दिला होता, की इथे या, आपण अर्ज भरून देऊ. मुलं-मुली सकाळच्या एसटीने आली होती. हातात फोटो, गुणपत्रिका, जातीचे दाखले.

मी फोनवर म्हटलं, लॅबचा स्विच बंद करून चालू करा. झालं. तार बदला. बदलली. दुसऱ्या भोकात घाला. घातली. ऑफिसात चालतंय आणि लॅबमध्ये नाही, म्हणजे दोष लॅबच्या वायरिंगचा, हे मी मनाशी धरून बसलो होतो. माझ्या राउटरवर मला संशय आलाच नाही, कारण तो मी स्वतः लावला होता आणि चालताना पाहिला होता. लॅबच्या एका यंत्रावरून राउटरला नुसती हाक मारून पाहा, म्हणजे पिंग करा, एवढं जरी मी सांगितलं असतं, तरी राउटरने ओ दिली असती आणि तारा शाबूत असल्याचं दोन मिनिटांत कळलं असतं. ते मी सांगितलं नाही. दोन तास तारा बदलण्यात गेले.

शेवटी निघालो. पोचलो तेव्हा पावणेतीन वाजले होते. राउटरला लॅपटॉप जोडला आणि वही उघडली. आज्ञा आहे 'शो आयपी नॅट ट्रान्सलेशन्स'. वहीत चारच यंत्रं होती. प्राचार्य, कार्यालयातली दोन, ग्रंथालय. लॅबमधलं एकही नाव नाही. मग दुसरी आज्ञा, 'शो आयपी नॅट स्टॅटिस्टिक्स'. तिथे साठ्याच्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं. एकूण पत्ते ४, दिलेले ४, म्हणजे १०० टक्के. आणि त्यापुढे 'मिसेस', म्हणजे कितीदा कोणी पत्ता मागितला आणि तो देता आला नाही, त्याचा आकडा. तो हजाराच्या वर गेला होता. लॅबमधली वीस यंत्रं सकाळपासून दार ठोठावत होती आणि राउटर त्यांची पाकिटं टाकून देत होता.

तुम्ही म्हणाल, टेलिफोनची लाइन बोलणं संपलं की मोकळी होते. इथे का झाली नाही? इथेच आपली उपमा अपुरी पडते. साध्या डायनॅमिक नॅटमध्ये एकदा पत्ता दिला, की शेवटच्या वापरानंतर चोवीस तास तो त्याच यंत्राच्या नावावर राहतो. सिस्कोच्या राउटरमध्ये ही मुदत न सांगता ठरलेली असते, ८६,४०० सेकंद. फोन खाली ठेवला तरी लाइन दुसऱ्या दिवसापर्यंत अडकलेली. आणि कार्यालयातली यंत्रं तर सकाळी दहालाच चालू झाली होती. चार लाइनी चार जणांनी उचलल्या. पाचवा कोणीही असो, त्याला लाइन मिळाली नाही.

उपाय एका शब्दाचा होता. चौथ्या पायरीच्या ओळीत शेवटी 'ओव्हरलोड' हा शब्द लिहायचा. मी तो लिहायचा विसरलो होतो. राउटरने तक्रार केली नाही, कारण माझी आज्ञा चुकीची नव्हतीच. ती वेगळ्या कामाची होती. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र बाहेरचा पत्ता द्या, असं मी सांगितलं होतं, आणि त्याने ते इमानाने पाळलं होतं.

ओव्हरलोड म्हटलं की राउटर पत्त्याबरोबर पोर्ट नंबरही वहीत लिहू लागतो. चाळीची आठवण करा. इमारतीचा पत्ता एकच, खोली क्रमांक वेगळे. पोस्टमन चुकत नाही. पोर्टचे आकडे ६५ हजारांच्या वर जातात, त्यामुळे एकाच बाहेरच्या पत्त्याआडून चोवीस काय, शेकडो यंत्रं एकाच वेळी बोलू शकतात.

मी जुनी ओळ काढायला गेलो, तेव्हा राउटरने विचारलं, ही गाठ वापरात आहे, सगळ्या नोंदी पुसू का? हो म्हटलं. नवी ओळ ओव्हरलोडसह लिहिली. लॅबमधून आवाज आला, "आलं, आलं!" घड्याळात तीनला पाच मिनिटं कमी होती. म्हणजे दुरुस्तीला लागली दहा मिनिटं.

पाच वाजेपर्यंत जे तिथे होते त्यांचे अर्ज गेले. पण दोन मुली दोनच्या एसटीने परत गेल्या होत्या. त्यांच्या वाडीला त्यानंतरची गाडी रात्रीचीच होती, आणि घरून तेवढी परवानगी नव्हती. सहायकांनी त्यांची नावं वहीत लिहून ठेवली होती, पण फोटो आणि कागद त्यांच्याच पिशवीत. घरच्या नंबरवर फोन लावला, लागला नाही. त्यांचे अर्ज राहिले.

निघताना सहायकांनी मला एवढंच विचारलं, "सर, गुरुवारी तुम्ही लॅबमध्ये बसून बघितलं होतं का?" आवाजात राग नव्हता. म्हणूनच तो प्रश्न मला आजही ऐकू येतो.

श्रोतेहो, त्यानंतर मी राउटर लावला की तो तपासण्याची एक रीत स्वतःला लावून घेतली. या क्षेत्रात काम करणाऱ्या, शिकणाऱ्या मुलामुलींसाठी ती सांगतो.

पहिली गोष्ट, राउटरवर बसून बाहेर पिंग करून समाधान मानू नका. राउटर स्वतः बोलतो तेव्हा तो स्वतःच्या बाहेरच्या पत्त्याने बोलतो. नॅटची परीक्षा त्यात होतच नाही. आतल्या यंत्रावर जाऊन बसा, आणि तेही सर्वांत लांबच्या.

दुसरी गोष्ट, वही वाचायला शिका. तिच्यात पत्त्यांचे चार रकाने असतात. 'इनसाइड लोकल' म्हणजे यंत्राचा आतला पत्ता. 'इनसाइड ग्लोबल' म्हणजे जगाला दिसणारा त्याचा पत्ता. उरलेले दोन पलीकडच्या यंत्राचे. आधी 'क्लिअर आयपी नॅट ट्रान्सलेशन' आणि तारका देऊन वही कोरी करा, मग एका यंत्रावरून बाहेर जा आणि नेमकी कोणती नोंद उमटते ते पाहा. कोऱ्या वहीवरची नोंद खोटं बोलत नाही. चालू कामात मात्र वही पुसू नका, लोकांची बोलणी तुटतात.

तिसरी गोष्ट, आकडे वाचा. स्टॅटिस्टिक्समध्ये 'मिसेस' हा शब्द दोन ठिकाणी येतो आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. वरचा 'मिसेस' म्हणजे वहीत नोंद सापडली नाही, नवी करावी लागली. तो वाढला तर घाबरायचं कारण नाही, प्रत्येक नव्या यंत्राची सुरुवात तिथूनच होते. खाली साठ्याच्या ओळीतला 'मिसेस' मात्र शून्यच हवा. तो वाढतोय म्हणजे दारात कोणीतरी उभं आहे.

चौथी गोष्ट, साठ्यात जितके पत्ते, त्यापेक्षा जास्त यंत्रं एकाच वेळी चालू करा. चार पत्ते असतील तर पाचवं यंत्र लावून पाहा. माझी सगळी चूक या एका पाचव्या यंत्रात होती. ओव्हरलोड नको असेल, खरोखरच प्रत्येकाला स्वतंत्र पत्ता हवा असेल, तर निदान 'आयपी नॅट ट्रान्सलेशन टाइमआउट' ही आज्ञा वापरून चोवीस तासांची मुदत कमी करा.

पाचवी गोष्ट आपल्याकडच्या भारनियमनाने शिकवली. लिहिलेलं सगळं राउटरच्या चालू स्मृतीत असतं. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' करून ते कायम केलं नाही, तर वीज गेली की सगळं गेलं. म्हणून जतन करा, राउटरचं बटण स्वतःच्या हाताने बंद करा, पुन्हा चालू करा, आणि सगळी तपासणी परत एकदा करा.

हे सगळं करायला अर्धा तास लागतो. लॅबची किल्ली मागवायला लागतो तो वेळ वेगळा. पण किल्ली मागवायची.

तुम्ही म्हणाल, हे तंत्रज्ञांसाठी झालं, आम्हाला याचं काय? तुमचाही संबंध आहे. ज्या २०११ मध्ये हा प्रसंग घडला, त्याच वर्षी फेब्रुवारीत जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटून संपले. पुढे २०१२ मध्ये, मोठ्या सेवा पुरवठादारांना स्वतःच्या जाळ्यात नॅट करता यावं म्हणून १००.६४ पासून सुरू होणारे पत्ते वेगळे राखून ठेवले गेले. तुमच्या खिशातला मोबाइल जुन्या पद्धतीने बोलतो तेव्हा बहुतेक वेळा अशाच कुठल्यातरी नॅटच्या आडून बोलतो, आणि बाहेरचा एक पत्ता अनेक अनोळखी माणसं वाटून घेतात. म्हणून नुसत्या पत्त्यावरून, वेळ आणि पोर्ट न पाहता, अमक्यानेच हे केलं असं म्हणता येत नाही. नव्या पद्धतीच्या, आवृत्ती सहाच्या पत्त्यांना हा तुटवडा नाही, आणि भारत त्यांच्या वापरात जगातल्या आघाडीच्या देशांपैकी आहे. पण जुनी पद्धत अजून गेलेली नाही, आणि ती आहे तोवर हा मधला ऑपरेटरही राहणार.

ते महाविद्यालय आजही आहे. पुढे एकदा तिथे जाणं झालं. राउटर बदलला होता, जोडणी बदलली होती. सहायक मात्र तेच होते. त्यांनी चहा मागवला, आणि चहा यायच्या आत लॅबचं कुलूप काढून दिलं. मी काही न बोलता शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या यंत्रावर जाऊन बसलो.